चौसष्ट नंबरचा लाइनमन आणि त्याचा हिशोब

अमेरिकन फुटबॉलमधल्या कुठल्याही क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूची, आकडेवारी उघडा, डोळे फिरतात. किती चेंडू फेकले, किती पोचले, किती यार्ड मिळाले, किती वेळा चेंडू समोरच्या संघाच्या हाती पडला, सगळं दशांशापर्यंत. आता बाल्टिमोर रेवन्स या संघाच्या जॉन अर्शेलचं पान बघा. २०१४ ते २०१६, तीन हंगाम. ४० सामने, त्यांतल्या १३ सामन्यांत पहिल्या अकरांत. पुढचे रकाने रिकामे. माहिती गहाळ झालेली नाही. अर्शेल ऑफेन्सिव्ह लाइनमन होता, आणि लाइनमनसाठी आकडेवारीच्या पुस्तकात फारसं काही नसतंच.

ज्यांनी त्याचं नाव ऐकलंय त्यांनी ते बहुधा ‘गणितज्ञ फुटबॉलपटू’ म्हणून ऐकलंय. तीन हंगाम खेळला, एकविसाव्या शतकातल्या सगळ्यांत श्रीमंत लीगला, म्हणजे एनएफएलला, रामराम ठोकला आणि एमआयटीत गणिताची पीएचडी करायला गेला. बातमीदारांना अशी गोष्ट म्हणजे मेजवानीच. पण त्या बातम्यांत त्याचं फुटबॉल नुसतं मागच्या पडद्यासारखं येतं. मला त्याच्या गणिताइतकंच त्याचं फुटबॉल वाचण्यासारखं वाटतं, कारण तिथे तो साधारण होता. टॉम ब्रेडीसारख्या नामवंत क्वार्टरबॅकच्या कारकिर्दीवरून हा धंदा कसा चालतो ते कळत नाही. राखीव लाइनमनच्या कारकिर्दीवरून कळतं.

आधी खेळ. मैदान १०० यार्डांचं, म्हणजे ९१ मीटरच्या आसपास. एका वेळी दोन्हीकडचे अकरा-अकरा जण आत. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. एकेक प्रयत्न पाच-सहा सेकंदांत आटोपतो. मग सगळे थांबतात, घोळका करतात, पुन्हा रांगा लावतात. टीव्हीवर पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की हे लोक खेळतात कमी आणि उभे जास्त राहतात. खरंच आहे ते.

चेंडू असलेल्या संघाच्या पुढच्या रांगेत पाच धिप्पाड माणसं असतात. मधोमध सेंटर, तो दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो. त्याच्या दोन बाजूंना दोन गार्ड आणि त्यांच्या बाहेर दोन टॅकल. हीच ऑफेन्सिव्ह लाइन. या पाचांना ५० ते ७९ मधले नंबर देतात आणि पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची परवानगी त्यांना एरवी नसते. खेळाचं नाव फुटबॉल, सगळी धडपड एका चेंडूसाठी, आणि सेंटर सोडला तर या माणसांचा चेंडूला हात लागला म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी बिघडलेलं असतं.

मग ते करतात काय? अर्शेलची मूळ जागा गार्डची, तर उजव्या गार्डचा एक प्रयत्न जवळून पाहू. कंबर खाली, एक हात गवतावर टेकलेला, मान वर. समोर हातभर अंतरावर तशाच पवित्र्यात १४० किलोचा डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाचा पुढच्या रांगेतला गडी. क्वार्टरबॅक ओरडतोय. कितव्या आरोळीला चेंडू हलणार हे गार्डला माहीत आहे, समोरच्याला नाही. गार्डच्या पदरात आघाडी म्हणून काय ती एवढीच. आरोळीच्या आधी पापणीभरही पुढे सरकला तर पाच यार्ड दंड. चेंडू हलतो. क्वार्टरबॅक फेकणार असेल तर गार्डला एक पाऊल मागे घ्यायचं, दोन्ही तळहात समोरच्याच्या छातीवर मारायचे आणि त्याला तीन सेकंद तिथेच अडकवून ठेवायचं. हात छातीच्या आत राहिले तर ठीक. ते खांद्याबाहेर जाऊन जर्सी मुठीत आली तर ती होल्डिंगची चूक, दहा यार्ड दंड. चेंडू घेऊन पळायचं ठरलं असेल तर सगळं उलटं. मागे जायचं नाही, पुढे घुसायचं आणि समोरच्याला जागेवरून हलवायचं, म्हणजे मागून चेंडू घेऊन पळत येणाऱ्या रनिंग बॅकला फट मिळेल. ती फट अर्धा सेकंद उघडी राहिली तरी काम झालं.

दोन्ही प्रकारांत डोक्यावर डोकं आदळतं. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात. हे लक्षात ठेवा, पुढे याच्याकडे परत यायचंय.

कबड्डीत चढाईपटूचं नाव गाजतं हे खरं, पण कोपऱ्यातल्या गड्यानं घोटा धरून त्याला आडवा केला तर गुण त्या गड्याच्या नावावर लागतो. लाइनमनच्या नशिबी तेही नाही. त्यानं सत्तर वेळा काम चोख केलं तर समालोचक क्वार्टरबॅकचं कौतुक करतो. एकाहत्तराव्या वेळी जर्सी मुठीत आली की पंच माइकवरून साऱ्या स्टेडियमला त्याचा नंबर ऐकवतो.

अर्शेलचा नंबर ६४. जन्म २४ जून १९९१, कॅनडातल्या विनिपेगचा, वाढला न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत. वडील शल्यचिकित्सक, आई वकील. शाळेत तो धष्टपुष्ट होता पण मोठमोठ्या विद्यापीठांनी रांग लावावी असा नव्हता. पेन्सिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठानं शिष्यवृत्ती देऊ केली आणि २००९ साली तो तिथे दाखल झाला. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल हा व्यावसायिक फुटबॉलचा एकमेव मोठा दरवाजा आहे. क्लब क्रिकेट, अकादमी, वयोगटांचे संघ असं काही नाही. विद्यापीठात तीन-चार वर्षं खेळायचं (तेव्हा त्याचा पगार नसे, शिक्षण फुकट मिळे) आणि मग वाट बघायची.

पेन स्टेटमध्ये त्याच्या वाट्याला आलेला काळही कठीण होता. नोव्हेंबर २०११ मध्ये तिथल्या एका माजी सहायक प्रशिक्षकाला मुलांच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली अटक झाली, अनेक दशकं मुख्य प्रशिक्षक असलेल्या जो पॅटर्नोंना घरी बसवलं गेलं आणि जुलै २०१२ मध्ये विद्यापीठाला ६ कोटी डॉलरचा दंड आणि चार वर्षं हंगामानंतरच्या सामन्यांवर बंदी ठोठावली गेली. खेळाडूंना मुभा मिळाली, हवं तर दुसरीकडे जा, लगेच खेळा. काही गेले. अर्शेल थांबला आणि पुढचे दोन हंगाम गार्ड म्हणून खेळला. त्याच काळात गणिताची पदवी झाली, पदव्युत्तरही झाली, आणि तो पदवीच्या विद्यार्थ्यांना गणित शिकवायलाही लागला. २०१३ साली त्याला विल्यम कॅम्पबेल करंडक मिळाला. महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या अभ्यासू खेळाडूचा हा सर्वांत मोठा मान. लीगच्या निवडकर्त्यांना त्याच्याशी फारसं देणंघेणं नसतं.

त्यांना देणंघेणं असतं ते ड्राफ्टमध्ये. वर्षातून एकदा ३२ संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, सात फेऱ्यांत. खेळाडूला संघ निवडता येत नाही, ज्यानं नाव घेतलं त्याच्याकडे जायचं. २०१४ मध्ये २५६ नावं घेतली गेली. पहिलं नाव जडेव्हियन क्लाउनी, त्याचा चार वर्षांचा करार दोन कोटी २० लाख डॉलरच्या वरचा आणि सगळाच्या सगळा हमीचा. अर्शेलचं नाव पाचव्या फेरीत आलं, १७५ वं, बाल्टिमोर रेवन्सकडून.

करार त्याचाही चार वर्षांचाच होता. पण इथेच बाहेरच्या माणसाची फसगत होते. ‘चार वर्षांचा करार’ म्हटलं की आपल्याला वाटतं चार वर्षांची नोकरी. पाचव्या फेरीतल्या खेळाडूला हमीची रक्कम म्हणजे जवळपास फक्त सहीच्या वेळचा बोनस. अर्शेलच्या बाबतीत तो दीड लाख डॉलरच्या आतबाहेर होता. बाकीचा पगार हंगामात आठवड्याच्या आठवड्याला मिळतो आणि संघानं काढून टाकलं की उरलेले आठवडे बुडाले. खेळाडू बांधलेला असतो, संघ बांधलेला नसतो. २०१४ साली नवख्याचा किमान पगार वर्षाला ४ लाख २० हजार डॉलर होता. रक्कम मोठीच आहे. पण ती किती वर्षं मिळेल याचा अंदाज बांधायचा झाला तर खेळाडूंच्या संघटनेनं वर्षानुवर्षं सांगितलेली सरासरी कारकीर्द आहे तीन वर्षं आणि वर काही महिने.

उन्हाळ्यात प्रत्येक संघाच्या सराव शिबिरात ९० जण असतात आणि हंगाम सुरू होताना ५३ उरतात. म्हणजे ऑगस्ट संपता संपता एका संघातून ३७ जणांना घरी पाठवलं जातं, ३२ संघांचं मिळून हजारावर. त्या ५३ मधूनही सामन्याच्या दिवशी, त्या काळच्या नियमाप्रमाणे, ४६ जणच पोशाख चढवायचे. त्यांत लाइनमन सात, फार तर आठ. पाच खेळणार, दोन-तीन बाकावर. बाकावरच्या त्या माणसांत कोणाला घ्यायचं? जो एकच जागा उत्तम खेळतो त्याला नाही. जो डावा गार्ड, उजवा गार्ड आणि गरज पडली तर सेंटर अशा तिन्ही जागा बऱ्यापैकी खेळतो त्याला. राखीव लाइनमनची नोकरी या ‘बऱ्यापैकी’वर टिकते.

अर्शेल नेमका तो माणूस ठरला. उंची सहा फूट तीन इंच, वजन १४० किलोच्या आसपास, म्हणजे या जातकुळीत मध्यम. रेवन्सकडे उजव्या गार्डच्या जागी मार्शल यांडा होता, त्या काळातल्या सर्वोत्तम गार्डपैकी एक. डावीकडे केलेची ओसेमेले. दोघंही धडधाकट असेपर्यंत अर्शेलला जागा नाही. पण फुटबॉलमध्ये सगळे धडधाकट असा आठवडा क्वचितच उगवतो. पहिल्याच हंगामाच्या शेवटी उजवा टॅकल रिक वॅग्नर जायबंदी झाला. यांडा त्याच्या जागी सरकला आणि यांडाच्या जागी चौसष्ट नंबर उभा राहिला. तेही बाद फेरीत.

३ जानेवारी २०१५ ला पिट्सबर्गमध्ये रेवन्सनी स्टीलर्सना ३०-१७ असं हरवलं. आठवडाभरानं न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी गाठ. त्या सामन्यात रेवन्स दोनदा १४ गुणांनी पुढे होते आणि तरी ३५-३१ असे हरले. लाइनमन म्हणजे काय हे समजायला हा सामना फार उपयोगी आहे. तिसऱ्या सत्रात पेट्रियट्सनी पाच नेहमीच्या लाइनमनऐवजी चारच उतरवले. पाचवा ‘झेलायला अपात्र’ खेळाडू म्हणून त्यांनी शेन व्हेरीनचं नाव पंचांना सांगितलं. हा व्हेरीन ३४ नंबरचा चपळ रनिंग बॅक, एरवी झेल घेणारा, आणि तो लाइनपासून लांब जाऊन उभा. उलट टॅकलच्या जागी उभा असलेला ४७ नंबरचा मायकल हूमानावानुई पात्र. रेवन्सचे रक्षक सवयीनं व्हेरीनच्या मागे, आणि चेंडू हूमानावानुईच्या हातात. पंच नंबर जाहीर करत होते, पण रेवन्सना आपली माणसं लावायला वेळ मिळेना. प्रशिक्षक जॉन हारबॉ चिडून मैदानात घुसले आणि वर दंड भरून बसले. त्याच वर्षी मार्चमध्ये लीगनं नियम बदलला: असा अपात्र ठरवलेला खेळाडू यापुढे लाइनच्या आतच उभा राहील. कोण लाइनमन आणि कोण नाही, या एका कागदी फरकावर बाद फेरीचा सामना फिरू शकतो.

२०१५ मध्ये सेंटर जेरेमी झुटा जखमी झाल्यावर अर्शेल मध्ये आला. सेंटरचं काम गार्डपेक्षा डोक्याचं. समोरचे अकरा जण कोण पुढे घुसणार आणि कोण मागे राहणार हे लपवत असतात. सेंटरनं चेंडूवर वाकलेलं असतानाच एका रक्षकाकडे बोट दाखवून सांगायचं की तो मधला माणूस धरा, आणि मग पाचही जण त्या खुणेवरून आपापला माणूस ठरवतात. खूण चुकली की क्वार्टरबॅक आडवा. ‘गणित येतं म्हणून त्याला हे सोपं जात असणार’ असं लिहिणाऱ्यांची कमी नव्हती. मला ते पटत नाही. हजारो तास चित्रफिती पाहून जे कमावावं लागतं ते बीजगणितातून येत नाही. ज्या सेंटरांना दोन चलांचं समीकरण सोडवायला लावलं तर घाम फुटेल तेही हे काम वर्षानुवर्षं बिनचूक करतात.

गणित मात्र खरंच चाललं होतं आणि ते हौशी नव्हतं. २०१५ साली पेन स्टेटच्या लुडमिल झिकातानोव आणि इतर दोघांबरोबर त्याचा एक शोधनिबंध आला, फीडलर सदिश लवकर कसा काढायचा यावर. नाव भारदस्त आहे, मूळ प्रश्न साधा. सहा ठिपके काढा. तीन ठिपक्यांचा एक त्रिकोण, तीनचा दुसरा, आणि दोन्ही त्रिकोणांना जोडणारी एकच रेघ. हे जाळं दोन भागांत तोडायचं झालं तर कुठे तोडाल? डोळ्यांना दिसतं, ती एकटी रेघ. पण संगणकाला डोळे नाहीत. चेक गणितज्ञ मिरोस्लाव फीडलर यांनी १९७३ मध्ये ज्याचा अभ्यास मांडला त्या पद्धतीत जाळ्यावरून आकड्यांचा एक चौकोनी तक्ता करतात. कर्णावर प्रत्येक ठिपक्याला किती रेघा ते, आणि जिथे दोन ठिपके जोडलेले तिथे उणे एक. अशा तक्त्यातून काही खास आकडे काढता येतात, त्यांना आयगेनव्हॅल्यू म्हणतात. या तक्त्याची सर्वांत लहान आयगेनव्हॅल्यू नेहमी शून्य असते. त्याच्या वरची आपल्या सहा ठिपक्यांसाठी येते साधारण ०.४४, आणि तिच्याबरोबर प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो. या आकड्यांची यादी म्हणजेच फीडलर सदिश. पहिल्या त्रिकोणाच्या बाहेरच्या दोन ठिपक्यांना १ धरला तर जोडरेघेवरच्या ठिपक्याला ०.५६, पलीकडच्याला उणे ०.५६ आणि उरलेल्या दोघांना उणे १. चिन्ह बदललं तिथे तोडा. सहा ठिपक्यांना हे कागदावर जमतं. लाखो ठिपके आले की तक्ता अवाढव्य होतो. तेव्हा शेजारचे ठिपके एकत्र करून लहान जाळं करायचं, त्याचं उत्तर काढायचं आणि तेच हळूहळू मोठ्या जाळ्यावर उतरवत सुधारत न्यायचं, असा निबंधातल्या रीतीचा गाभा. तिच्या मांडणीत आणि सिद्धतेत जे कष्ट आहेत ते इथे मी गाळले आहेत.

२०१६ च्या सुरुवातीला तो एमआयटीत पीएचडीला लागला. हंगाम सप्टेंबर ते जानेवारी, म्हणून वसंत सत्रात एमआयटीच्या गावी, बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये विद्यार्थी आणि उन्हाळ्यापासून बाल्टिमोरच्या मेरीलँड राज्यात लाइनमन. त्याचं राहणं हा आणखी एक बातमीचा विषय होता. वर्षाला २५ हजार डॉलरच्या आत खर्च, जुनी निसान व्हर्सा. लोकांना यात साधेपणा दिसला. मला वरचा करार आठवतो. ज्याचा पगार आठवड्याच्या हिशोबानं येतो आणि कुठल्याही मंगळवारी थांबू शकतो, त्यानं असं राहणं हे सरळ व्यवहाराला धरून आहे. चमत्कारिक म्हणायचं तर बाकीच्यांच्या गाड्यांना म्हणावं.

आता त्या डोक्यावरच्या डोक्याबद्दल.

मार्च २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघातला ख्रिस बोरलंड एका हंगामानंतर, मेंदूच्या काळजीपोटी, वयाच्या चोविसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याच सुमारास अर्शेलनं एक लेख लिहून आपण तरीही का खेळतो ते सांगितलं. पैशासाठी नाही, समोरच्यावर शारीरिक मात करण्याची जी झिंग आहे ती दुसरीकडे कुठे सापडत नाही म्हणून. बोरलंडचा आपल्याला हेवा वाटतो, असंही त्यानं त्यात म्हटलं होतं. मग ऑगस्ट २०१५ मध्ये सराव शिबिरात हेल्मेटवर हेल्मेट आदळून त्याची शुद्ध हरपली. कंकशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. मैदानावर परतायला त्याला सुमारे तीन आठवडे लागले. वरच्या दर्जाचं गणित करण्याची ताकद, म्हणजे डोळे मिटून आकृती फिरवून पाहण्याची, ती परत यायला त्याहून थोडा जास्त वेळ लागला, असं त्यानं नंतर मुलाखतीत सांगितलं. मला हा तपशील विलक्षण वाटतो. संघाच्या डॉक्टरांच्या चाचण्यांना जे दिसत नव्हतं ते मोजायचं साधन त्याच्याकडे होतं. इतर लाइनमनकडे ते नसतं. गेलेलं परत आलं की नाही हे त्यांनी कशावरून ठरवायचं?

आणि कंकशन हा दिसणारा भाग. लाइनमनच्या बाबतीत संशोधकांना जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या धडकांची. ज्यात चक्कर येत नाही, कोणी मैदानाबाहेर नेत नाही, पण ज्या प्रत्येक प्रयत्नात, प्रत्येक सरावात, पंधरा-वीस वर्षं बसत राहतात. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, पण आतल्या मेंदूचं हलणं त्याला थांबवता येत नाही. वर्षानुवर्षं असं हादरत राहिल्यावर काहींच्या मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन रक्तवाहिन्यांभोवती साचतं आणि पेशी मरू लागतात. या आजाराला सीटीई म्हणतात. विसराळूपणा, चिडचिड, नैराश्य, शेवटी स्मृतिभ्रंश. खात्रीचं निदान मृत्यूनंतर मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होतं. फुटबॉलपटूत तो पहिल्यांदा सापडला तोही एका लाइनमनच्या मेंदूत. पिट्सबर्गचा प्रख्यात सेंटर माइक वेबस्टर २००२ मध्ये पन्नाशीत, पार विस्कटलेल्या अवस्थेत वारला. नायजेरियात जन्मलेले विकृतीतज्ज्ञ बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लीगच्या समितीतल्या डॉक्टरांनी तेव्हा तो निबंध मागे घ्यायची मागणी केली होती.

२५ जुलै २०१७ ला बोस्टन विद्यापीठाच्या अ‍ॅन मकी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. लीगमध्ये खेळलेल्या १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, ११० मध्ये सीटीई. जगभर मथळे झाले आणि बहुतेक ठिकाणी एक गोष्ट बारीक अक्षरांत गेली. हे मेंदू कुटुंबांनी दान केले होते, आणि ज्यांच्या घरी माणूस आधीच बिघडलेला दिसला तेच दान करायला पुढे येतात. त्यामुळे ‘शंभरातल्या नव्व्याण्णव फुटबॉलपटूंना सीटीई होतो’ असा अर्थ यातून निघत नाही. संशोधकांनी स्वतः निबंधात हे बजावलं होतं. पण एवढ्या मेंदूंत तो सापडतो म्हटल्यावर आजार दुर्मीळ आहे असंही म्हणता येत नाही. खरं प्रमाण या दोहोंच्या मध्ये आहे.

दोन दिवसांनी, २७ जुलैला, रेवन्सचं शिबिर सुरू व्हायच्या दिवशी, अर्शेलनं हारबॉंना सांगितलं की मी थांबतो. वय २६. लगेच मथळे जुळले: अभ्यास आला, गणितज्ञ घाबरला, सोडून गेला. त्याच्या स्वतःच्या निवेदनात मात्र त्या अभ्यासाचा उल्लेख नव्हता. डिसेंबरमध्ये पहिलं मूल होणार आहे, फक्त शरद सत्रात शिकवले जाणारे विषय घ्यायचे आहेत, पीएचडी पूर्ण वेळ करायची आहे, अशी कारणं होती. मला हे मानायला जड जात नाही. जो माणूस दोन वर्षांपूर्वी शुद्ध हरपून पडला होता आणि ज्यानं त्याआधीच या धोक्यावर लेख लिहिला होता, त्याला मंगळवारच्या वर्तमानपत्रातून नवं असं काय कळणार होतं?

फुटबॉलच्या बाजूनंही हिशोब मांडून पाहा. लीगची निवृत्तिवेतन योजना लागू व्हायला तीन मान्य हंगाम लागतात. त्याचे तीन झाले होते. करारातलं एकच वर्ष उरलं होतं. आणि या वेळी, कारकिर्दीत पहिल्यांदाच, एक कायमची जागा समोर रिकामी होती. झुटाला मार्चमध्ये दुसऱ्या संघाकडे पाठवलं होतं आणि सेंटर कोण होणार यासाठी अर्शेल आणि रायन जेन्सन यांच्यात चुरस होणार होती. म्हणजे तो ढकलला गेला म्हणून निघाला, असं म्हणायला जागा नाही. दार उघडं होतं.

पुढचं ज्ञात आहे. २०२१ मध्ये मिशेल गोमान्स यांच्या मार्गदर्शनाखाली पीएचडी, मग हार्वर्डमध्ये संशोधन, २०२३ पासून एमआयटीतच गणिताचा सहायक प्राध्यापक.

जेन्सनचं सांगायला हवं, कारण उघड्या दारातून आत गेला तो. तोही कोणी मोठा नव्हता. कोलोरॅडोतल्या एका लहान विद्यापीठातून आलेला, २०१३ च्या सहाव्या फेरीतला, रेवन्सनी मध्ये एकदा काढून सराव पथकात टाकलेला. २०१७ मध्ये सोळाही सामने तो सेंटर म्हणून खेळला. मार्च २०१८ मध्ये टँपा बेच्या संघानं त्याच्याशी चार वर्षांचा ४ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो ब्रेडीला चेंडू देत होता आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. जुलै २०२२ मध्ये शिबिराच्या दुसऱ्याच दिवशी त्याचा गुडघा गेला. त्यानंतर तो एकच सामना खेळू शकला आणि २०२४ च्या सुरुवातीला, ३२ व्या वर्षी, निवृत्त झाला.